तात्यांच्या वेब्लीला साडेतीन लाख कशापायी?

द्राक्षबाग_पलूस

रामराम मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथं सातारा-सांगलीकडचे माजी सैनिक बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

आमच्या थोरल्या चुलत्यांकडं, तात्यांकडं, एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. वेब्ली अँड स्कॉट, पॉइंट बत्तीस, सहा गोळ्यांचं. आजोबांनी १९६१ साली मिरजेत एकाकडून रीतसर परवान्यावर विकत घेतलं. १९७८ ला आजोबा गेले आणि ते तात्यांच्या परवान्यावर चढलं. तात्या आता ७४ वर्षांचे आहेत, हात थरथरतो. प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा, निकाल लागला की परत आणा, शिवाय नूतनीकरणाचे हेलपाटे. वैतागलेत. माझ्या आठवणीत त्यातनं गोळी सुटली ती एकदाच, उसात शिरलेली डुकरं हुसकवायला, हवेत. डुकरं गेली नाहीत, आमची गाय मात्र दावं तोडून पळाली.

तर गेल्या महिन्यात तात्यांना घेऊन पुण्यात एका गन हाऊसमध्ये गेलो. मालकानं ते हातात घेतलं, बिजागरीवर मधनं मोडून उघडलं, नळीतनं दिव्याकडं बघितलं आणि म्हणाला, "साडेतीन देतो." मी समजलो पस्तीस हजार. तात्यांनीही तसंच धरलं असणार, कारण ते म्हणाले, "चाळीस करा की." मालक हसला आणि म्हणाला, "काका, साडेतीन लाख म्हणतोय."

परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत आम्ही दोघं गप्प.

त्याच दुकानात काचेमागं कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवंकोरं होतं, त्याच बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं, किंमत लाखाच्या आसपास. मग साठ-सत्तर वर्षांच्या लोखंडाला त्याच्या तिप्पट कसे? पाऊण किलोसुद्धा वजन नसेल त्याचं. आणि मालक जर साडेतीन देतोय, तर विकणार कितीला?

अजून एक. आमच्या घरात अशी गोष्ट आहे की हे रिव्हॉल्व्हर पत्री सरकारातलं, म्हणजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारातलं आहे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांच्या तुफान सेनेनं पगाराची रेल्वेगाडी लुटली, तेव्हा ते तिथं एकाच्या कमरेला होतं म्हणे. तात्या हे छातीठोक सांगतात. त्याची काही वेगळी किंमत येते का?

कंदी_पेढा

साडेतीन लाखांत तीन मुऱ्हा म्हशी येतील. दूध देतात, निवडणुकीला जमा कराव्या लागत नाहीत. विका.

कोतवाला_सातारा

पेढेवाले, म्हशीचा विषय वेगळ्या धाग्यावर घेऊ.

पलूसकर साहेब, मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो, २४ वर्षं. आता कोरेगाव तालुक्यात घेवडा आणि आलं करतो. कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची खोली. माझं अर्धं आयुष्य तिथं नळ्या पुसायच्या चार बाय दोनच्या चिंध्या आणि तेलाच्या वासात गेलंय. त्यामुळं जरा लांबण लावणार, सांभाळून घ्या.

तुम्ही ते कानपूरचं काढायला सांगून हातात घ्यायला हवं होतं. तेही तुमच्यासारखंच मधनं मोडतं. आराखडा मुळात वेब्लीचाच. गोळी तीच, सहाच, ताकदही तीच. सख्खे नसले तरी चुलतभाऊ. म्हणजे दोन-अडीच लाखांचा जो फरक आहे तो यंत्रात शोधत बसलात तर सापडणार नाही.

आता बोअरचं बघा. आपल्याकडं फौजेच्या आणि पोलिसांच्या गोळ्या ज्यात चालतात ती शस्त्रं साध्या नागरिकाला मिळत नाहीत. ९ मिलिमीटरची पिस्तुलं, .३८ आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हर, .३०३ ची रायफल, ही सगळी प्रतिबंधित बोअर. हेतू उघड आहे, कोतमधली गोळी बाहेर गेली तरी कुणाच्या घरच्या शस्त्रात बसू नये. राहिलं काय, तर .३२, .२२ असली मंडळी. त्यातलं .३२ जरा तरी दमदार, म्हणून सगळा देश .३२ च्या मागं. पहिल्या महायुद्धात इंग्रज अंमलदारांच्या कमरेला असायचं ते मोठं .४५५ वेब्ली विलायतेत संग्राहक डोक्यावर घेतील. तेच इथं एखाद्या मळ्यात सापडलं तर त्याची किंमत एक पंचनामा. आणि तिकडं ज्याला कुणी फार विचारत नाही ते तुमचं खिशातलं छोटं .३२ इथं राजा.

त्यावर दार बंद झालं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला सरकारनं नागरिकांसाठी परदेशी हातबंदुकांची आयात थांबवली. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. त्याआधी जेवढी वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन, वॉल्थर देशात आली तेवढीच. त्यातली काही गंजली, काही मालखान्यात पडून सडली, काही वारसांच्या भांडणात अडकली. म्हणजे माल दर वर्षी कमी होणार आणि परवाने नवे निघत राहणार. वेब्ली अँड स्कॉटनं स्वतः बर्मिंगहॅममध्ये बंदुका बनवणं १९७९ ला थांबवलं. पुढं २०२० मध्ये ते नाव भारतात परत आलं, उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं .३२ बनवायला लागले. पण घेणारा म्हणतो, मला बर्मिंगहॅमचंच पाहिजे. लग्नाच्या मांडवात शेजारी बसलेल्याला ते दाखवता येतं ना. हे मी चिडून लिहितोय, कारण असे तीन जण मला माहीत आहेत, आणि तिघांना साधं गोळ्यांची चक्री उघडून रिकामी आहे का ते बघता येत नाही.

उलटं उदाहरण द्यायचं तर बारा बोरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची शिकारी बंदूक. इंग्रजी, नक्षीची, हातानं बसवलेली. कारागिरी बघाल तर तुमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा कितीतरी वरची. माझ्या पाहण्यातली एक गेल्या वर्षी २८ हजारांना गेली, आणि घेणारा कोण, तर बँकेत गार्डची नोकरी धरणारा आमचाच एक रिटायर नाईक. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, शिकार गेली, तिच्यामागं डबल बारची हौसही गेली. २०१९ च्या दुरुस्तीनं तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली, तेव्हा ज्यांच्याकडं तीन होती त्यांनी काय सोडलं असेल? मी पाहिलेल्या प्रत्येकानं बारा बोर सोडली. परदेशी रिव्हॉल्व्हर कुणीही नाही.

आता तुमच्या नगाबद्दल. गन हाऊसवाल्यानं नळीतनं दिव्याकडं बघितलं, ते बरोबर. नळी मोडल्यावर मागच्या बाजूला पांढरा कागद धरून बघायचं, आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, धारदार दिसतात का, मध्ये काळे खड्डे आहेत का. मग बंद करून बिजागरी हलते का बघायची. ह्या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा सगळा जीव त्या बिजागरीत आणि वरच्या कडीत. खूप वेळा झटक्यानं उघडलं-मिटलं की कडी सैल पडते. उघडल्यावर मधली चांदणी वर येते आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. लोकांना ते बघायला आवडतं, म्हणून ती पाहुण्यांसमोर पन्नास वेळा उघडमीट करतात आणि तिथंच वाट लागते. तात्यांनी पाहुण्यांना फार दाखवलं नसेल तर नशीब.

आणि एक हात जोडून सांगणं, ते चमकवू नका. १९९१ ची गोष्ट, माझी नोकरी नवी होती. आमच्या एका साहेबांचं खासगी वेब्ली कोतमध्ये जमा असायचं. चामड्याच्या पाऊचमध्येच ठेवलेलं. चामडं कमावताना जे क्षार राहतात ते ओल धरतात, त्यानं एका बाजूला तांबूस बुरशीसारखा गंज आला होता. मला वाटलं, साहेबांना खूश करू. दोन रविवार बसलो. झिरो नंबरचा पॉलिश पेपर, मग तेल, मग फलालीन. नवरीसारखं चमकायला लागलं. साहेब आले. मी शाबासकीची वाट बघत सावधानमध्ये उभा. त्यांनी ते उजेडात धरलं, नळीवर जिथं कंपनीच्या नावाची अक्षरं होती तिथनं अंगठा फिरवला. अक्षरं हाताला लागेनात. निळी-काळी छटा तर गेलीच होती. ते एवढंच म्हणाले, "बेटा, तूने इसका चेहरा धो दिया." शिक्षा केली असती तर बरं वाटलं असतं.

ती छटा म्हणजे रंग नव्हे. त्या काळी चांगल्या बंदुकांवर ती गंज चढवूनच आणत. पोलाद गुळगुळीत घासायचं, आम्लाचं पाणी लावून मुद्दाम गंजू द्यायचं, मग उकळत्या पाण्यात टाकायचं म्हणजे तो तांबडा गंज काळा होतो, तारेच्या ब्रशनं वरची पूड झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे कित्येक फेरे. पॉलिश पेपरला ते उतरवायला दोन रविवार लागले, आणि चढवणारे हात आता मिळत नाहीत. म्हणून मूळ छटा शाबूत असलेला नग आणि घासलेला नग यांच्या भावात लाखाचा फरक पडू शकतो.

पत्री सरकारचं म्हणाल तर नंतर बोलतो. आधी फोटो टाका. नळीच्या डाव्या बाजूचा आणि चक्रीचा, जवळून. नंबर झाकून टाका.

मिरज_ते_ओहायो

कोतवाला, तुमच्या साहेबांचं वाक्य वाचून पोटात गोळा आला.

इकडची बाजू सांगतो. मी १८ वर्षं अमेरिकेत आहे, स्वतः एकही बंदूक घेतलेली नाही, बायको घरात येऊ देणार नाही. पण शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर गन शोला जातो, आपल्याकडं बैलबाजार बघायला जातात तसा. तुमच्या तात्यांचंच भावंड, वेब्लीचं छोटं .३२, एका टेबलावर ४२५ डॉलरची चिठ्ठी लावून पडलं होतं. सकाळी होतं, संध्याकाळीही होतं. म्हणजे कोतवाला म्हणतात ते सोळा आणे खरं, साडेतीन लाख ही भारतातल्या दाराची किंमत आहे.

पण इथंही काही हातबंदुकांचे भाव ऐकून झीट येते, आणि त्यांची कारणं पार वेगळी. कोल्ट पायथन घ्या. १९५५ ला आलेलं, .३५७ मॅग्नम. त्याचे आतले भाग कारागीर हातानं घासून एकमेकांत बसवायचे, वरची निळाई अशी की बोटाचा ठसा उमटला तर पाप वाटावं. तसली माणसं निवृत्त झाली, मजुरी परवडेना, ते बंद पडलं. २०२० मध्ये कंपनीनं नवं पायथन काढलं, नव्या यंत्रांवर, १४९९ डॉलरला. जुन्या, डब्यासकट असलेल्या पायथनवाले अजून त्याच्या दुपटी-तिपटीचं बोलतात. नवं चांगलं आहे, असं ते स्वतःच म्हणतात. तरीही.

दुसरं आमच्या घरातलं नाव, सिंगर. मिरजेत आईनं ज्या मशीनवर अख्ख्या गल्लीची परकर-पोलकी शिवली ती सिंगर. ह्याच शिलाई मशीन कंपनीला अमेरिकी सैन्यानं १९४० मध्ये कोल्टचं १९११ जातीचं पिस्तूल बनवायला सांगितलं, फक्त ५०० नग, जमतंय का बघायला. जमलं, आणि फारच छान जमलं. पण सैन्याला वाटलं एवढा नेमका हात पिस्तुलावर कशाला वाया घालवायचा, त्यांना तोफांच्या नेमासाठीची यंत्रं बनवायला लावलं. पिस्तुलं मग टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनं लाखांनी आणि रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या एका कंपनीनं हजारांनी काढली. ती युद्धातली साधी पिस्तुलं हजार-दोन हजार डॉलरच्या घरात मिळतात. सिंगरचं एखादं अस्सल निघालं तर लिलावात घराची किंमत येते. गंमत बघा, त्या ५०० मधली बरीचशी युद्धात वापरली गेली, हरवली, पुन्हा रंगवली गेली. कमी बनली हे एक, आणि मूळ रूपात वाचली त्याहून कमी, हे दुसरं.

लुगरचं तर औरच. जर्मन सैन्यानं १९०८ मध्ये घेतलेलं पिस्तूल, गुडघ्यासारखं वर दुमडणारं. त्याच्या बारक्या बारक्या भागांवरही नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. शेजाऱ्याच्या ओळखीच्या एकानं मला भिंग देऊन दाखवलं, इथं ४२, इथं ४२, इथं ४२, आणि घोडा पाडणाऱ्या एका पट्टीवर १७. कुणीतरी कधीतरी दुरुस्तीत दुसऱ्या लुगरचा भाग टाकला होता. त्या १७ पायी भाव निम्म्यावर. मी म्हटलं, चालतंय ना? तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी विचारलं असावं की पैठणीला नायलॉनचा पदर लावला तर काय बिघडलं.

बाकी गोष्टीची किंमत म्हणाल तर ती सगळ्यांच्या वर. बिली द किड ह्या गाजलेल्या अमेरिकी दरोडेखोराला ज्या कोल्टनं मारलं ते शेरीफ पॅट गॅरेटचं रिव्हॉल्व्हर २०२१ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच बनावटीचं बिनगोष्टीचं कोल्ट त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही मिळेल. पण गॅरेटच्या मागं कागदांची अख्खी साखळी होती.

कोतवाला_सातारा

कागद हा शब्द बरोबर आला. आपल्याकडचंच उदाहरण सांगतो. साँडर्स प्रकरणातलं भगतसिंगांचं कोल्ट, .३२ चंच. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण शाळेच्या संग्रहात इतर शस्त्रांबरोबर काळा रंग लावून ठेवलेलं होतं. रंग खरवडला, खाली नंबर निघाला, १६८८९६, तो खटल्याच्या कागदांशी जुळला. तेव्हा ते भगतसिंगांचं ठरलं. त्याआधीही तिथं असणारच की, पण रांगेतलं एक. आता पंजाबात हुसेनीवालाच्या संग्रहालयात आहे.

द्राक्षबाग_पलूस

सगळ्यांचे आभार. फोटो टाकलेत, नंबर झाकलाय. तात्यांच्या हातात धरून काढलेत, मी हात लावलेला नाही.

पॉलिशचा विषय तात्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, आमच्या आळशीपणाचे एवढे पैसे होतील असं वाटलं नव्हतं. मात्र पाऊच चामड्याचाच आहे. काढून पंचात गुंडाळून ठेवलंय.

आता तात्यांच्या डोक्यात दुसरंच आलंय. विकण्यापेक्षा ते वैशूताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, द्यायचं म्हणतात. ती विट्याला असते, यंत्रमागाचं सगळं तीच बघते. असं हयातीत देता येतं का? की तात्यांनंतरच?

कज्जेदलाल_कराड

येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी सोय आहे. परवानाधारक गेल्यावर तर आहेच, पण त्याची ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडं असलं, यातलं जे आधी, तेव्हापासून हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तुमचे तात्या दोन्हीत बसतात. पण ताईंची स्वतःची पडताळणी होईल, पोलीस अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, सगळं. वारस आहे म्हणून आपोआप मिळत नाही.

विकायचंच ठरलं तर खासगी व्यवहारात जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याचा परवाना त्याच बोअरचा पाहिजे. फोनवर 'विदेशी माल, कागद नंतर' म्हणणारे फिरतात, त्यांना दारात उभं करू नका. ते एकतर पैसे खाऊन पळणार किंवा तुम्हाला माझ्याकडं पाठवणार, आणि माझी फी म्हशीपेक्षा जास्त आहे.

दुकानातल्या नव्या मालावर आता करही वाढलाय. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचा जीएसटी २८ होता तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. नवं महागलं की जुन्याचा भाव मांडणारा त्याच्याकडं बोट दाखवणारच.

कोतवाला_सातारा

फोटो बघितले. झूम करून बघितले, मग मुलाच्या लॅपटॉपवर बघितले, मग थोडा वेळ आल्याच्या शेतात जाऊन आलो.

आधी चांगलं. छटा ऐंशी टक्के मूळची आहे. नळीच्या टोकाला पाऊचच्या घासणीनं उजळलंय, ते चालतं, ते वयाचं. कडी घट्ट दिसते. मुठीच्या पट्ट्या मूळच्या, तडा नाही. साडेतीन हा घेणाऱ्याचा भाव आहे, त्यानं तुम्हाला लुबाडलं नाही, पण तो दानधर्मही करत नव्हता.

आता दुसरं. बर्मिंगहॅमला बंदूक बनली की कारखान्याबाहेर पडण्याआधी तिथल्या प्रूफ हाऊसमध्ये जाते. १८१३ पासूनची संस्था. तिथं जादा दारूची गोळी उडवून बघतात, फुटली नाही तर छाप ठोकतात. तुमच्या नळीवर आणि चक्रीच्या दोन खान्यांमध्ये मुकुट आहे आणि त्याखाली बी, एन, पी ही तीन अक्षरं. फोटोत स्वच्छ दिसतात. मुकुटाखाली बीएनपी हा छाप १९५४ च्या नियमांपासूनचा आहे. त्याआधीचे छाप वेगळे दिसतात, मी कोतमध्ये दोन्ही जातीचे पाहिलेत. जुन्या बंदुकीची फेरतपासणी होऊन नवा छाप बसू शकतो, पण मग जुनाही कुठंतरी राहतो. तुमच्यावर जुना कुठंच नाही.

शेणोलीची गाडी १९४३ ची. तेव्हा हे रिव्हॉल्व्हर जन्मालाच आलेलं नव्हतं, साहेब. आजोबांनी घेतलं तेव्हा ते फार तर सात वर्षांचं पोर होतं.

तात्यांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा. मला माझ्या चुलत्यांना सांगायची हिंमत झाली नसती.

मिरज_ते_ओहायो

अरेरे. पण काय तपास केलात!

कंदी_पेढा

म्हशीच बऱ्या होत्या.

द्राक्षबाग_पलूस

काल संध्याकाळी सांगितलं. सोप्यावर बसले होते, वैशूताईपण आली होती तिच्या अर्जाच्या कागदांसाठी. मी मोबाईलवर फोटो मोठा करून मुकुट दाखवला, कोतवालांचं लिहिलेलं शब्दन् शब्द वाचलं. ताई हळूच म्हणाली, राहू दे ना, कशाला. पण वाचून झालं होतं.

तात्यांनी चष्मा लावला, रिव्हॉल्व्हर मोडलं, रिकामं आहे ते बघितलं, मग ती तीन अक्षरं नखानं चाचपली. बराच वेळ. मला वाटलं चिडतील, मला नाही तर तुम्हाला शिव्या देतील.

शेवटी म्हणाले, "मिरजेचा तो माणूस पाचशे मागत होता. बाबांनी सातशे दिले. दोनशे त्या गाडीच्या गोष्टीचे."

आता ट्रंक उपसून १९६१ ची पावती शोधतायत. पावतीवर गाडीचं काही लिहिलंय का, ते त्यांना बघायचंय.